मधमाश्यांसाठी मांडलेलं टेबल

सासूबाईंच्या डाळिंबाच्या सरबतात बर्फ मागणाऱ्याला सरबत मिळायचं, पण आधी दोन शब्द ऐकून घ्यावे लागायचे. "बर्फ म्हणजे गोठलेलं पाणीच ना? पाणी हवं असेल तर नळ त्या भिंतीपाशी आहे, तिथे कुणी काही मागत नाही." माणसं हसायची, बिनबर्फाचं सरबत प्यायची, आणि पुढच्या खेपेला एखादा नवखा सोबत आणून त्याला मुद्दाम बर्फ मागायला लावायची. निम्मं गिऱ्हाईक सरबतासाठी यायचं आणि निम्मं बोलणी खायला. सुनेच्या मते दुसरं निम्मं जास्त पक्कं होतं.

सासूबाईंचा बाणा एकच. सरबत एकदा ठरलं की त्यात वरून पाणी पडायचं नाही. पाहुणे वाढले, पातेल्यात कमी पडलं, तर "संपलं" म्हणायचं. पण पाणी घालून पुरवठ्याला आणायचं नाही. यापायी त्यांनी सख्ख्या भावालाही एकदा रिकाम्या पेल्यासमोर बसवून ठेवलं होतं, असं त्या स्वतःच अभिमानाने सांगत.

सून या घरात आली ती एका मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून. तिथे ती मेजवान्यांची व्यवस्था बघायची. कुठल्या पाहुण्याला कुठल्या खांबाआड बसवलं तरी तो रागावणार नाही, कुणाचा पेला भरायचा आणि कुणाच्या पेल्याकडे दुर्लक्ष करायचं, हे तिला एका नजरेत कळे. ती येण्याआधी सासूबाई खिडकीतून सरबत द्यायच्या आणि लोक रस्त्यात उभ्याने पिऊन जायचे. घरामागे बाग होती, पण तिचा उपयोग कपडे वाळत घालण्यापुरता. सुनेने दोऱ्या काढल्या, झाडांखाली टेबलं मांडली, वेलींना वळण लावलं आणि खिडकीवरच्या माणसांना आत बसवलं. बसलेला माणूस दुसरा पेला मागतो हे तिला हॉटेलने शिकवलं होतं. सासूबाईंनी तिचं तोंडभरून कौतुक कधी केलं नाही. मात्र बागेत वाळकी पानं पडली की त्या "तुझ्या बागेत कचरा झालाय" म्हणत, आणि कचऱ्याचं काही का होईना, बाग आपल्या नावावर लागली म्हणून सून खूश असे.

उन्हाळा उतरणीला लागला तशा गांधीलमाश्या दिसू लागल्या. खरं म्हणजे त्या हंगामभर बागेतच होत्या. वेलींवरच्या अळ्या उचलून, त्यांचे तुकडे करून आपल्या पिलांना भरवत होत्या. पण कामात असलेल्या बाईकडे कोण बघतं? आता पिलं मार्गी लागली, घरची जबाबदारी सरली, आणि पोरंबाळं नोकरीला लागलेल्या सुखवस्तू मंडळींसारख्या त्या दुपारच्या वेळी सरबत प्यायला निघाल्या. एक यायची, पेल्याच्या काठावरून एक फेरी मारायची, जागा पसंत पडली की उतरायची.

गिऱ्हाइकं हात हलवू लागली. हात हलवला की गांधीलमाशी चिडते, ती चिडली की माणूस किंचाळतो, आणि एक किंचाळला की शेजारचं टेबलही उठतं. सुनेने हे दोन दिवस पाहिलं आणि हॉटेलातला जुना तोडगा काढला. मेजवानीत आगंतुक शिरला तर त्याला बाहेर काढताना चारचौघांत शोभा होते. त्यापेक्षा त्याला कोपऱ्यात बसवून नीट वाढावं, म्हणजे तो तिथेच राहतो. तिने बागेच्या टोकाला, भिंतीपाशी, एक छोटं टेबल ठेवलं. त्यावर पसरट बशी, आणि बशीत डाळिंबाचं सरबत.

सासूबाईंनी बशी पाहिली आणि आत जाऊन धुतलेले खडे घेऊन आल्या.

"हे मधे ठेव. बसायला जागा नको का? बुडून मेल्या तर नाव आपल्याच सरबताचं खराब व्हायचं."

एखाद्या वाण्याने, एखाद्या शिक्षकाने ही चूक केली नसती. बशी ठेवलीच असती तर त्यात उरलंसुरलं, आंबलेलं काहीतरी ओतलं असतं आणि विसरून गेला असता. पण या दोघी पडल्या खानपानाच्या धंद्यातल्या. बशीत ताजं सरबत, तेही पातेल्याच्या तळाचं नव्हे. कमी झालं की भरायचं. खडे रोज धुवायचे. सासूबाई तर येता-जाता बशीकडे अशा बघायच्या, की कुणाला काही कमी-जास्त हवंय का.

पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. गांधीलमाश्या कोपऱ्यात, माणसं मधे. सुनेने नवऱ्याला ते टेबल दाखवलंही. नवरा काचेची दारं-खिडक्या बसवण्याच्या धंद्यात होता. उघड्या जागेकडे बघितलं की त्याला तिथे काय बसवता येईल तेच दिसे. पण तोही हसला आणि म्हणाला, तुझ्या हॉटेलवाल्यांनी तुला उगाच सोडलं.

मग मधमाश्या आल्या.

गांधीलमाशी हे कंजूष गिऱ्हाईक आहे. चांगली जागा सापडली की ती एकटी येते, एकटी खाते आणि सहसा कुणाला कळू देत नाही. मधमाशीचं तसं नाही. तिला बशी सापडली की ती पोट भरून घरी जाते आणि अंधाऱ्या पोळ्यावर नाचून-नाचून बहिणींना सांगते, कुठल्या दिशेला, किती लांब आणि माल किती गोड. गोडी जितकी जास्त तितका नाच जोरात. ते ऐकून ज्या येतात त्याही परत जाऊन नाचतात. सुनेला हे सगळं नंतर कळलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं की आज दोन-चार आहेत, उद्या मूठभर, आणि मग एक दिवस बशीतलं लाल सरबत दिसेनासं झालं. दिसत होता तो फक्त एक तपकिरी, थरथरता थर. फुकटचं जेवण, उत्तम चव आणि घरोघर जाहिरात. कुठल्याही हॉटेलमालकाने अशा गिऱ्हाइकासाठी जीव टाकला असता.

भर दुपारी बशी कोरडी पडायची. मग त्या टेबलांवर यायच्या. दातांच्या डॉक्टरांची बायको पेला उचलायला गेली आणि तिच्या बोटाला डंख बसला. ती बिचारी नुसती "आई गं" म्हणून बोट तोंडात घालून बसली; पण डॉक्टर, जे आयुष्यभर दुसऱ्यांना "अजिबात दुखणार नाही" असं सांगत आले, ते खुर्चीवर चढले. खुर्चीवरचे डॉक्टर सगळ्या बागेने पाहिले. त्यानंतर बाग रिकामी होत गेली. काही लोक आतल्या खोलीत बसू लागले. ती अंधारी आणि अरुंद होती. काही पुन्हा खिडकीशी उभे राहून पिऊ लागले. सुनेला ते खिडकीवरचे पेले बघवेनात. तिने जे बसवलं होतं ते एकेक करून उभं राहत होतं.

नवऱ्याने मग हालचाल केली. फवारणीवाल्याला शनिवारी बोलावलं. तो म्हणाला होता, भिंतीच्या आत जे उडतं ते सगळं संध्याकाळपर्यंत जमिनीवर येईल. पुढच्या वर्षी बागेवर काच घालू, असंही नवऱ्याने त्याच दमात सांगून टाकलं.

सासूबाई सरबत गाळत होत्या. गाळणं न थांबवता म्हणाल्या, "ज्या झाडांवर विष मारलं त्यांच्याखाली माझा पेला जाणार नाही. मी आपली खिडकीतून देईन, पूर्वीसारखी."

म्हणजे फवारलं तर बाग गेली, आणि नाही फवारलं तरी गेलीच. सून दोघांच्या मधे उभी होती. नवरा चुकीचं बोलत नव्हता, सासूबाईही नाही. आणि मुळात बशी तिने ठेवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारपर्यंत काय करता येईल हे कळायला, आधी ही पंगत येते कुठून हे कळायला हवं होतं. ती भिंतीपाशी स्टूल टाकून बसली. आजवर तिने त्यांच्याकडे नुसतं मोजदाद करायला पाहिलं होतं. आता पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रत्येक माशी पिऊन झाली की खड्याच्या टोकावर चढायची, पुढच्या पायांनी मिशा पुसायची, जड अंगाने उचलली जायची, एक गिरकी घ्यायची आणि सुटायची. एकही डावीकडे गेली नाही, एकही उजवीकडे नाही. सगळ्या भिंतीवरून, पाण्याच्या टाकीच्या उजव्या अंगाने, शेजारच्या गच्चीवर.

शेजारच्या गच्चीवर घड्याळजी राहत.

घड्याळजींचं खरं नाव गल्लीत कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी हयातभर घड्याळं दुरुस्त केली, दुकान बंद केलं आणि गच्चीवर मधाच्या पेट्या ठेवल्या. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांची बाटली होती, बाटलीवर त्यांच्या कोरीव अक्षरातली चिठ्ठी: "निव्वळ फुलांचा." बाटली विकत नसत, देत. फुकट देणाऱ्याचा अभिमान विकणाऱ्यापेक्षा भारी असतो, कारण त्याला किंमत सांगून कुणी खाली आणू शकत नाही. सासूबाईंच्या यजमानांचे ते मित्र. यजमान गेल्यावरही रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून "वहिनी, बरं आहे ना" विचारायचं त्यांनी चुकवलं नव्हतं.

सून आणि सासूबाई त्यांच्याकडे गेल्या. घड्याळजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की बागेत येणाऱ्या माशा असतील कुणाच्यातरी, उनाड असतील, जंगली असतील. त्यांच्या पेट्यांतल्या माशांना फुलाखेरीज काही ठाऊक नाही. साखर त्यांनी जन्मात चाखलेली नाही. सुनेने टाकीच्या अंगाने जाणारी रांग सांगितली. ते म्हणाले, गच्ची ओलांडून पुढेही जग आहे.

"भाऊजी," सासूबाई म्हणाल्या, "माझा मुलगा पाचवीत असताना मीही असंच म्हणायचे. माझा मुलगा आणि बोरं चोरेल?"

घड्याळजी हसले नाहीत. ते दुखावले होते, हे सुनेला दिसलं. बाहेर पडताना तिला वाटलं, आता बोलून काही व्हायचं नाही. दाखवावंच लागेल.

दाखवायचं कसं ते सासूबाईंना सुचलं. त्यांनी चिमूटभर मैदा वाटीत घेतला आणि वेलदोड्याची पूड झटकायचा मऊ कुंचला सुनेच्या हातात दिला. पीत बसलेल्या माशीच्या पाठीवर मैद्याचा ठिपका द्यायचा, आणि मग ठिपका कुठे जातो ते बघायचं. सुनेने कुंचल्याकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्हीच का नाही?

"माझा हात थरथरतो. त्यांना वाटेल वारा आला."

सून वाकली. इतक्या जवळून तिने मधमाशी कधी पाहिली नव्हती. अंगावर सायीसारखी लव. पोट श्वासागणिक आत-बाहेर होत होतं, लुगड्याच्या काठासारखे त्यावरचे पट्टे एकमेकांवर सरकत होते. जीभ म्हणजे एक बारीक, तांबूस केस. तो सरबतात बुडवून ती पीत होती आणि भोवती ढकलाढकली चालली असूनही तिचं लक्ष हललं नाही. हॉटेलात इतक्या मेजवान्या पाहिल्या, पण इतक्या जणी एका ताटात जेवताना एकीनेही दुसरीला चावलेलं नाही असं सुनेने पहिल्यांदा पाहिलं. सासूबाई मागून पुटपुटल्या, श्वास घे, पण तिच्या अंगावर सोडू नकोस. सुनेने ठिपका दिला. माशी पीतच राहिली. दुसरीला दिला, तिसरीला दिला, आणि कधीतरी तिच्या लक्षात आलं की भीती संपून बराच वेळ झाला आहे.

मग दोघी घड्याळजींच्या गच्चीवर गेल्या. घड्याळजी आधीच पेटीपाशी बसले होते, डोळ्याला जुनं भिंग लावून. म्हणजे सकाळपासून त्यांना चैन पडलं नव्हतं असं सुनेने ओळखलं. पेटीच्या दाराशी माशा उतरत होत्या, चालत आत जात होत्या. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. मग एक उतरली, पाठीवर पांढरा ठिपका घेऊन. एखादी बाई पिठाचे हात तसेच ठेवून घाईने दार उघडायला यावी तशी ती दाराशी घुटमळली आणि आत गेली. तिच्यामागून दुसरी.

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"पीठ आहे," ते म्हणाले.

सासूबाईंकडे आता बोलायला पुष्कळ होतं. बोलण्यासाठीच तर माणसं त्यांच्याकडे येत. सून वाट पाहत होती. पण सासूबाई म्हणाल्या एवढंच, की तुमच्या मुली कामाला मोठ्या वाघ आहेत हो. माझ्याकडे इतकी माणसं राबली, पण अशी एक मिळाली नाही. सुनेने मान खाली घातली. त्या 'इतक्या माणसांत' आपणही होतो हे तिला कळलं, आणि तरी या घटकेला ते ऐकायला तिला बरं वाटलं.

घड्याळजींनी पेटी उघडली. पोळ्याची एकेक चौकट ते उचलायला लागले, आणि उचलता-उचलताच त्यांचा चेहरा उतरला. भरलेली चौकट जड असते, दोन्ही हातांनी धरावी लागते. ही दोन बोटांत येत होती. घरं रिकामी. फक्त मधल्या काही घरांच्या तळाशी लाल थेंब चमकत होते, डाळिंबाच्या दाण्यासारखे. निव्वळ फुलांच्या त्या पेटीत सासूबाईंचं सरबत साठवलेलं होतं.

त्या वर्षी फुलं लवकर सरली होती. आणि बाटल्या मागणारी घरं वाढली होती. घड्याळजींनी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी दोनदा मध काढला, आणि दुसऱ्यांदा माशांसाठी ठेवायचा तोही काढला. पुढे येतीलच फुलं, असा त्यांचा हिशोब. घड्याळात सगळं परत फिरून येतं. बागेत तसं नसतं.

"मी सगळं वाटून टाकलं, वहिनी," ते म्हणाले. "आणि त्या उपाशी आहेत हे मला तुमच्या पिठाने कळलं."

"मग साखर द्या त्यांना."

"मी जन्मात दिली नाही."

"मग फुलं आणा. कुठून आणताय?" सासूबाईंनी विचारलं. "जिने राबून मिळवलं तिच्या ताटातलं काढून तुम्ही गल्लीला वाढलंत. गल्लीने तुमचं नाव घेतलं. ती बिचारी गेली शेजारच्या दारात, तर तिला उनाड म्हणालात."

घड्याळजींनी चौकट अगदी हळू परत ठेवली. सुनेला वाटलं, आता ते भिंतीपलीकडून विचारपूस करायचंही थांबवतील. माणसाची चूक दाखवणं सोपं असतं; दाखवून झाल्यावर त्याच्या शेजारी राहणं अवघड.

पण काम पुरं झालं नव्हतं. घड्याळजी पेटीत साखरेचा पाक ठेवतीलही, ते ठीक. तरी बशी बशीच राहणार. तिचा पत्ता सगळ्या पोळ्याला पाठ झाला होता. बशी एकदम उचलली तर सगळ्या पंगतीने टेबलांवर धाड घातली असती. गच्चीच्या जिन्यात उभी राहून सून विचार करत होती, आणि तिला जे आठवलं ते धंद्यातलंच होतं. भरलेलं हॉटेल रिकामं कसं होतं? दार बंद केल्याने नाही. दार बंद असलं तर लोक ठोठावतात. एक दिवस आमटी थोडी पातळ येते, दुसऱ्या दिवशी आणखी पातळ, आणि कुणी भांडत नाही, तक्रार करत नाही. फक्त घरी जाऊन कुणाला सांगत नाही. तिने घड्याळजींना विचारलं, सरबत फिकं झालं तर माशा नाचतात का? घड्याळजींचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा चमकले. ते म्हणाले, फिक्यासाठी कोण नाचतं. आणि घरी दाट पाक असेल तर कुणी जाणारच नाही.

म्हणजे बशीतल्या सरबतात पाणी घालायचं. रोज थोडं जास्त.

दोघांनीही सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर खोचला आणि जिना उतरून गेल्या.

संध्याकाळी सुनेने विषय काढला नाही. नवऱ्याने काढला, आई, बशीच्या सरबताला कोण बघतंय, असं म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, मी बघतेय. आणि जेवण लवकर आटपून झोपल्या. सुनेने ठरवलं, उद्या आपणच घालू, त्यांना न सांगता. मग तिला वाटलं, या घरात न सांगता सरबतात पाणी घालणं म्हणजे न सांगता घर विकण्यासारखं आहे.

सकाळी ती बागेत आली तर कोपऱ्यातल्या टेबलापाशी सासूबाई उभ्या होत्या. एका हातात सरबताचं भांडं, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. त्यांनी सरबत ओतलं. मग तांब्या तिरका केला, आणि पाणी पडताना मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"तू घातलं असतंस तर प्रमाण चुकलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि चाखून बघू नकोस. ते सरबत नाही, औषध आहे."

सुनेने आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं जवळून पाहिली होती. हॉटेलात त्यांना वाढलं होतं. पण मोठेपण कसं दिसतं असं कुणी विचारलं असतं, तर तिने ती वळवलेली मान दाखवली असती.

त्याच सकाळी घड्याळजी आले. भिंतीपलीकडून नाही, रस्त्याने, पुढच्या दाराने, इस्त्रीचा सदरा घालून. खिडकीशी चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या मागे ते रांगेत उभे राहिले आणि आपली पाळी आल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी, मला साखरेचा पाक करायला शिकवा. माझ्या माशांना द्यायचाय." गिऱ्हाइकांपैकी दोघांच्या घरी त्यांची बाटली होती. ती दोघं एकमेकांकडे बघू लागली. घड्याळजी सरळ उभे होते. ही गोष्ट त्यांना भिंतीआडून, कुजबुजून विचारता आली असती; पण ज्यांना चिठ्ठी लावून बाटली दिली त्यांच्यासमोरच ते कबूल करायला आले होते, आणि तेही असं, जणू हवापाणी विचारत आहेत.

सासूबाईंनी त्यांना आत घेतलं. सुनेला धास्ती होती की त्या आता फारच गोड वागतील. पडलेल्या माणसाला दया टोचते. सासूबाईंना ते तिच्याआधी कळलेलं होतं. आतून त्यांचा आवाज खिडकीपर्यंत आला. "असं ढवळतात होय? किल्ली देताय का पातेल्याला? हात सैल सोडा. बारीक गॅस. इतकी वर्षं एवढाली चाकं फिरवलीत, एक पळी फिरवता येईना." खिडकीवरची मंडळी हसली. घड्याळजींचंही हसू ऐकू आलं, आणि सुनेचा जीव भांड्यात पडला.

त्या आठवड्यात बशी रोज फिकी होत गेली. गडद लाल, मग नुसतं लाल, मग गुलाबी. पंगत विरळ होत गेली. कुणी चिडलं नाही, कुणी टेबलांवर चाल करून आलं नाही. शेवटी बशीत रंगाची नुसती शंका उरली. एक मधमाशी आली, जीभ बुडवली, मिशा पुसल्या आणि निघून गेली, पुन्हा आली नाही. वर गच्चीवर पेट्या जड होऊ लागल्याचं घड्याळजी भिंतीवरून सांगत. सगळं ठरवल्याप्रमाणे झालं होतं. तरी ती शेवटची माशी तोंड वाकडं करून गेल्यासारखी वाटून सुनेला क्षणभर अपमान झाल्यासारखं झालं. यजमानीण ती यजमानीणच.

शनिवार उजाडला. मधमाश्या नव्हत्या. गांधीलमाश्या होत्या, थोड्या, एकट्या-दुकट्या. त्यांना ना बशीची गरज होती ना नाचाची. नवऱ्याने नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. फवारणीवाला दाराशी आलाय, पाठीवर टाकी आहे, आणि या पिवळ्या तर अजून इथेच आहेत. त्याला काय सांगू? त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. बाग तिची, हे तोही जाणून होता.

सुनेने बागेकडे पाहिलं. एक गांधीलमाशी टेबलाच्या कडेने चालत होती, सावकाश, एक पंख किंचित झिजलेला. थंडी पडली की या सगळ्या संपणार, फक्त पुढच्या वर्षीच्या राण्या कुठे-कुठे फटीत दडून उरणार, हे घड्याळजींनी सांगितलं होतं. आणि वेलींवर यंदा एकही पान कुरतडलेलं नव्हतं, हे तिने स्वतः पाहिलं होतं. फवारलं नाही आणि गिऱ्हाईक परत आलं नाही, तर दोष तिचा. सासूबाईंचा नाही, नवऱ्याचा नाही.

"त्याला सांग, काम नाही," ती म्हणाली. "पेल्यांवर झाकणं ठेवू, खाली पडलेली फळं रोज उचलू. हंगामभर राबल्या आहेत. चार दिवस पिऊ देत."

नवऱ्याने मान हलवली. मग म्हणाला, निदान इतक्या लांबून आलाय तर त्याला सरबत तरी पाजू.

सकाळचं ऊन चढलं तशी पहिली टेबलं भरली. दातांच्या डॉक्टरांची बायको आली, एकटीच. सुनेने डॉक्टरांची चौकशी केली तेव्हा म्हणाली, त्यांना घरीच ठेवलंय. तिथल्या खुर्च्या भक्कम आहेत. तिने भिंतीजवळचं टेबल निवडलं, झाकणाचा पेला मागितला आणि पुस्तक उघडलं. मग शाळेतल्या दोन बाई आल्या. मग खिडकीशी उभा असलेला एक जण पेला घेऊन बागेत आला आणि बसला. सुनेने त्याला बसताना पाहिलं, आणि तो बसेपर्यंत श्वास धरून ठेवला होता हे तिला नंतर कळलं.

फवारणीवाला मधल्या दारात थबकला होता. दणकट माणूस, हातात जाड मोजे, पाठीवर विषाची टाकी. त्याने झाडांखाली नजर टाकली, टेबलाच्या कडेने चालणाऱ्या गांधीलमाशीकडे पाहिलं आणि मोजे न काढताच एक पाऊल मागे घेतलं.

"बाहेर नको," तो सुनेला हळूच म्हणाला. "मी आत बसतो. मला त्यांची भीती वाटते."

मग तो आतल्या अंधाऱ्या खोलीत बसला, दार लावून घेऊन, आणि काचेची खिडकीही बंद करून घेतली. त्या दिवशी आत बसणारा तो एकटाच होता. बागेतून वाट काढत, झाकलेला पेला दोन्ही हातांत धरून, नवरा त्याला सरबत द्यायला गेला.